गांधार गुरगुरतो तेव्हा

पेडल स्टील गिटारला डिस्टॉर्शनचा, म्हणजे सूर मुद्दाम फाटका करणारा डबा जोडला आणि त्यातून नेहमीचा गोड, तीन तारांचा मेजर कॉर्ड वाजवला, की जे बाहेर पडतं त्याला कॉर्ड म्हणवत नाही. खाली कुठेतरी एक बेसूर घरघर सुरू होते, वर पत्रा थरथरल्यासारखं काहीतरी वाजत राहतं. वाजवणारा आधी डब्याला दोष देतो, मग ॲम्पला, मग पिकअपला. दोन-तीन डबे बदलून होतात, पैसे जातात, घरघर तशीच राहते. कारण भानगड गांधाराची असते.

हे वाद्य आपल्याकडे फारसं दिसत नाही, म्हणून थोडी ओळख. रेडिओवर हिंदी सिनेगीतांच्या धुनांमधून ऐकलेली हवाईयन गिटार बहुतेकांना आठवत असेल. मांडीवर आडवी, तारांवर पोलादी बार. पेडल स्टील म्हणजे तिचंच अमेरिकेत वाढलेलं, पाय फुटलेलं भावंड. बार तोच, साधारण सव्वातीन इंच लांब आणि पाऊण इंचाहून किंचित जाड. फ्रेट नुसत्या रंगवलेल्या रेघा, तार त्यांना टेकतच नाही. फरक खालच्या बाजूला आहे. पायाने दाबायची तीन पेडलं आणि गुडघ्यांनी ढकलायचे चार-पाच लिव्हर, त्यांच्यापासून निघालेल्या सळया, आणि टोकाला चेंजर नावाची यंत्रणा, जी ठरावीक तार ठरावीक सुरापर्यंत ओढते किंवा सैल सोडते. १९५४ साली वेब पिअर्सच्या एका गाण्यात बड आयझॅक्स यांनी तार वाजत असतानाच पेडल दाबलं, आणि कंट्री संगीताची राजधानी असलेल्या नॅशव्हिलमधल्या सगळ्या स्टीलवाल्यांना आपापल्या वाद्याखाली सळया बसवून घ्याव्या लागल्या.

नेहमीची मिळवणी ई नाइन्थ. इंग्रजी अक्षरांत ती पाठ करणं कटकटीचं, पण ई ला षड्ज धरला तर मराठी कानाला ती एका बैठकीत समजते. वाजवणाऱ्याच्या समोरच्या बाजूपासून अंगाकडे दहा तारा अशा: रे, शुद्ध नी, ग, सा, प, ग, रे, सा, कोमल नी, प. पहिल्या दोन चढ्या तारा वाटतात, पण सर्वात चढी तार तिसरी, ग. एमन्स नावाच्या पेडल-रचनेत डावीकडचं पहिलं पेडल दोन्ही पंचमांना धैवत करतं. दुसरं पेडल दोन्ही गांधारांना मध्यम करतं. दोन्ही एकदम दाबली की सा-ग-प चा सा-म-ध होतो. बार जागचा हलत नाही आणि कॉर्ड बदलतो. कंट्री संगीतातला तो ओला, हेलावणारा आवाज तो हाच. तिसरं पेडल चौथ्या तारेचा सा रे पर्यंत नेतं आणि पाचवीचा प ध पर्यंत. गुडघ्याचे लिव्हर आठवी-चौथी सा अर्धा सूर वर किंवा खाली नेतात, बाकीचे ज्याच्या त्याच्या आवडीचे. काही वाद्यांवर पेडलांचा क्रम उलटा असतो. दुसऱ्याच्या वाद्यावर बसताना आधी ते बघून घ्यावं.

आता गुरगुरीकडे. दोन सूर एकाच डिस्टॉर्शनमधून गेले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या वजाबाकीचा तिसरा सूर तयार होतो. साध्या, स्वच्छ ॲम्पमध्ये तो नगण्य असतो, फझमध्ये, म्हणजे जहाल डिस्टॉर्शनमध्ये, मुख्य सुरांच्या जोडीला येऊन बसतो. आठवी तार सा, १६४.८१ हर्ट्झ. पाचवी तार प, २४६.९४. वजाबाकी ८२.१३, म्हणजे खालच्या सप्तकातला सा, जेमतेम सहा सेंट उतरलेला (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). फुकटात मिळालेला खर्जाचा आधार. रॉकवाल्यांचा पॉवर कॉर्ड गांधार गाळून नुसत्या सा-प वर उभा असतो तो याच कारणाने. आता प ऐवजी सहावी तार, ग घ्या. ट्यूनरच्या हिरव्या दिव्याप्रमाणे ती २०७.६५. वजाबाकी ४२.८४. सर्वात खालचा सा ४१.२० ला असतो. म्हणजे हा भुताचा सूर त्या सा पेक्षा सदुसष्ट सेंट चढा, सा आणि कोमल रे यांच्या मध्ये कुठेतरी लोंबकळणारा. शिवाय वरच्या हार्मोनिकमध्ये सेकंदाला साडेसहा ठोके पडतात ते वेगळेच. तंबोऱ्याच्या खर्जातून आपसूक उमटणारा स्वयंभू गांधार ट्यूनरच्या गांधारापेक्षा चौदा सेंट उतरा असतो. त्या जागी तार आणली तर वजाबाकी बरोबर ४१.२० येते आणि घरघर थांबते. पेटीच्या गांधारावर आपल्याकडे शंभर वर्षं जी कुरकुर चालली आहे, तिचं हे सर्वात कर्कश रूप.

स्टीलवाले स्वच्छ वाजवतानाही गांधार उतरा लावतातच. पहिल्या पेडलचा धैवत हा मध्यमाचा गांधार, म्हणून तोही चौदा-पंधरा सेंट उतरा. सा अर्धा सूर वर नेणारा लिव्हर त्या उतऱ्या धैवताचा गांधार देतो, तो तर तीसेक सेंट खाली जातो. ट्यूनरकडे बघून वाजवणाऱ्याला हे आकडे चुकीचे वाटतात, कानाला नाही. पण रॉक बँडमध्ये शेजारी कीबोर्ड असतो, त्याचा ग हलत नाही, आणि स्टीलचा उतरा ग त्याच्या अंगावर घासतो. तडजोड म्हणून बरेच जण सहा ते आठ सेंटवर थांबतात. स्वच्छ आवाजात ही तडजोड खपून जाते, डिस्टॉर्शनमध्ये खपत नाही. म्हणून उपाय मिळवणीत शोधण्यापेक्षा तारा निवडण्यात शोधावा. रॉक वाजवायचं तर ज्या त्रिस्वरी गोडव्यासाठी हे यंत्र बनलं, तोच बाजूला ठेवावा लागतो. दोन तारा, पुष्कळदा एकच.

दोन तारांत काय काय होतं ते बघण्यासारखं आहे. आठवी-पाचवी म्हणजे सा-प. दुसरं पेडल दाबून आठवी-सहावी म्हणजे सा-म, मध्यमाचा पॉवर कॉर्ड, पंचम खाली. तेच पेडल तसंच ठेवून नववी-सहावी म्हणजे कोमल नी आणि म, पुन्हा स्वच्छ पाच सुरांचं अंतर. पेडल सोडून दहावी-सातवी म्हणजे प-रे. सा, कोमल नी, म, प या चार पायऱ्यांवर अर्धं रॉक संगीत उभं आहे आणि त्या चारही एकाच फ्रेटवर मिळाल्या. पाचव्या फ्रेटवर बार ठेवला तर ए, जी, डी, ई. बार नुसता टेकवून ठेवायचा, उजव्या हाताने जोड्या बदलायच्या, डाव्या पायाने एकच पेडल. गिटारवाल्याला यासाठी हात मानेवर पळवावा लागतो. मात्र आठवीवरून नववीवर येताना आठवी बंद केली नाही तर सा आणि कोमल नी एकत्र वाजतात, आणि ती चूक डिस्टॉर्शनमध्ये हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचते.

कंट्री रॉकला एवढा कोरडेपणा चालत नाही. तिथे गांधार हवा असतो, पण हलक्या ओव्हरड्राइव्हमध्ये, म्हणजे सौम्य डिस्टॉर्शनमध्ये. मग पाचवी आणि तिसरी तार, म्हणजे खालचा प आणि वरचा ग, ही सहाव्या अंतराची जोडी घ्यावी. तिची वजाबाकी सदतीस सेंट चुकते, सा-ग जोडीच्या जवळपास निम्मी, आणि वरच्या पट्टीत असल्याने कानाला कमी बोचते. पहिली दोन पेडलं हळूच दाबली की हीच जोडी ध-म होते. जुन्या कंट्री रॉकच्या रेकॉर्डवर गाण्याच्या दोन ओळींमध्ये स्टील जे चटकन बोलून जातं, त्यातलं निम्मं या जोडीतून येतं.

१९६८च्या 'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ'वर बर्ड्‌स या रॉक बँडने लॉइड ग्रीन आणि जे डी मेनेस या स्टीलवाल्यांना बोलावलं, तेव्हा स्टील रॉकवाल्यांच्या घरात आलं खरं, पण पाहुण्यासारखं, नॅशव्हिलचे कपडे घालूनच. बिघडवलं ते स्नीकी पीट क्लाइनो यांनी. १९६९च्या 'द गिल्डेड पॅलेस ऑफ सिन'मध्ये फ्लाइंग बरिटो ब्रदर्सकडे लीड गिटारचं काम मुख्यतः स्टीलच करतं. आठ तारांचं फेंडर ४००, केबलने ओढली जाणारी पेडलं, ई नाइन्थच्या ऐवजी बी सिक्स्थ मिळवणी, आणि फझ. क्लाइनो मूळचे स्टॉप-मोशन ॲनिमेटर, 'गम्बी' मालिकेत मातीच्या बाहुल्या हलवणारे. वाद्य कसं वाजवायचं याबद्दलचा नॅशव्हिलचा धाक त्यांना नव्हता, हे ऐकताना जाणवतं. त्याच काळात पोको बँडचे रस्टी यंग स्टील फिरत्या लेस्ली स्पीकरमधून वाजवायचे, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं ऑर्गन आहे. जेरी गार्सिया हा गिटारवाला. स्टीलवर त्याच्याकडे मोजक्याच चाली होत्या, आणि क्रॉस्बी, स्टिल्स, नॅश अँड यंगच्या १९७०च्या 'टीच युअर चिल्ड्रन'मध्ये तेवढ्या पुरल्या. पीट ड्रेक यांनी तर १९६४ मध्येच नळी तोंडात धरून स्टीलला बोलायला लावलं होतं. जॉर्ज हॅरिसनच्या 'ऑल थिंग्ज मस्ट पास'च्या रेकॉर्डिंगला ते लंडनला गेले, तिथे रॉक गिटारवाल्या पीटर फ्रॅम्प्टनने ती नळी पाहिली. पुढे ती रॉकवाल्यांचीच झाली.

या सगळ्यांपासून दूर, अमेरिकेतल्या हाउस ऑफ गॉड या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये १९३०च्या दशकापासून ऑर्गनच्या जागी स्टील वाजत होतं. तिथून आलेला न्यू जर्सीचा रॉबर्ट रँडॉल्फ तेरा तारांच्या वाद्यावर जे वाजवतो, त्यात कॉर्ड नावापुरते. बाकी सगळं एका तारेवरचं किंचाळणं, हुंदके, गायकाची नक्कल. मराठी ऐकणाऱ्याला हे नॅशव्हिलपेक्षा जवळचं वाटतं. आपल्याकडे गिटारवर राग वाजवणाऱ्या ब्रिजभूषण काबरांनी स्टील हातात घेतलं ते मींड वाजवायला. कॉर्डचा प्रश्नच नव्हता.

यंत्रांच्या साखळीत सगळ्यात जास्त गोंधळ व्हॉल्यूम पेडलचा. स्टीलवाल्याचा उजवा पाय कायम त्यावर असतो. स्वच्छ वाजवताना तार छेडायची ती पेडल अर्ध्याच्या थोडं पुढे असताना, आणि सूर विझायला लागला की पाय हळूहळू पुढे न्यायचा. तार मरत असते, आवाज मरत नाही. हीच सवय डिस्टॉर्शनमध्ये नेली की सूर विझायच्या ऐवजी फुगतो, कारण डबा स्वतःच सूर दाबून लांबवत असतो. पेडल डब्याच्या आधी लावलं तर ते आवाजाचं न राहता खरखरीचं पेडल होतं: पाय मागे घेतला की सूर स्वच्छ, पुढे नेला की घाण. ब्लूजसाठी हे उत्तम, पण एक खोड आहे. साधं ५०० किलो-ओहमचं पेडल पिकअपला थेट जोडलं की मागे घेताना वरचा चकाकता भाग गिळतं. मध्ये बफर, म्हणजे सिग्नल सांभाळणारा छोटा डबा लावला तर वाचतो. पेडल डब्याच्या नंतर लावलं तर खरखर कायम तेवढीच आणि आवाज तेवढा लहान-मोठा होतो, व्हायोलिनसारखी सुरुवात मिळते. क्रम असा: वाद्य, ओव्हरड्राइव्ह, व्हॉल्यूम पेडल, डिले, रिव्हर्ब, ॲम्प. डिले व्हॉल्यूम पेडलच्या आधी ठेवला तर पाय मागे घेतल्यावर प्रतिध्वनीही कापला जातो आणि दार आपटल्यासारखं वाटतं.

ड्राइव्ह किती ठेवायचा? गिटारवाला ठेवतो त्याच्या निम्म्याहून कमी. स्टीलच्या पिकअपवर सतरा-अठरा हजार ओहमपर्यंत तार गुंडाळलेली असते, साध्या गिटारच्या सिंगल कॉइलवर सहा हजारांच्या आसपास. डब्यात शिरायच्या आधीच सिग्नल तगडा असतो. ॲम्पवर स्टीलवाले ८०० हर्ट्झच्या आसपासचा मधला भाग कापून ठेवतात, स्वच्छ आवाजातली नाकातली कर्कशता जावी म्हणून. ड्राइव्ह चालू केला की तो कापलेला भाग परत द्यायचा, नाहीतर डबीत कोंडलेल्या मधमाश्या ऐकू येतात. मोठ्या १५ इंची स्टील-स्पीकरला, विशेषतः ॲल्युमिनियमची टोपी असलेल्याला, फझची किनार सोलून दाखवायची खोड असते. त्यापेक्षा गिटारचा १२ इंची स्पीकर माफ करणारा. फेंडर ट्विन रिव्हर्बमध्ये तसे दोन असतात, आणि त्याचे ८५ वॅट डब्याची घाण स्वतःची भर न घालता बाहेर काढतात.

आणि हात. डिस्टॉर्शन लावल्यावर खरी परीक्षा हातांची होते, ही गोष्ट विकत घेता येत नाही म्हणून बहुधा तिच्याबद्दल कमी बोललं जातं. उजव्या हातात अंगठ्याला प्लास्टिकचा पिक, दोन बोटांना धातूचे. तळव्याची करंगळीकडची कड तारांवर टेकलेली असते. तार छेडण्यासाठी हात क्षणभर उचलायचा आणि सूर संपवायचा तेव्हा पुन्हा टेकवायचा. याला पाम ब्लॉकिंग म्हणतात. दुसरी रीत पिक ब्लॉकिंग: पुढची तार छेडतानाच दुसऱ्या बोटाचा पिक आधीच्या तारेवर परत टेकवायचा. जलद ताना दुसरीत सोप्या जातात, पण धातूचा पिक झणझणत्या तारेला लागला की 'टिच्' असा आवाज येतो, आणि ड्राइव्हमध्ये तो 'टिच्' काचेवर खडा मारल्यासारखा येतो. म्हणून रॉकमध्ये तळवा बरा. छेडलेल्या दोन तारा सोडून बाकी आठ तारा काही शांत बसलेल्या नसतात. त्यांच्या ओळखीचा सूर आला की त्या आपणहून गुणगुणू लागतात. खर्जाच्या बाजूच्या तारांवर तळव्याचं वजन कायम ठेवावं लागतं, आणि वरच्या तारा वाजवताना हात पुढे गेला की नेमकं तेच सुटतं.

डावा हात त्याहून बेरकी. बारच्या मागे, म्हणजे खुंट्यांच्या बाजूला, तारेचा जो तुकडा उरतो तोही वाजत असतो. अनामिका आणि करंगळी बारच्या मागे तारांवर नुसती ओढत न्यायची असतात, दाब न देता, ओल्या फडक्यासारखी. बार वर उचलून खाली ठेवला की 'ठक्', गुंडाळलेल्या तारांवरून वेगाने नेला की 'झिप्'. म्हणून बरेच जण सहावी तार २२ ची (जाडी इंचाच्या हजारांशात) गुंडाळलेली न लावता २० ची साधी लावतात. पेडलची ओढ थोडी बदलते, पुन्हा जुळवावी लागते, पण झिप् जातो. कंप देताना बार रेघेच्या दोन्ही बाजूंना सारखा हलवावा. भीतीपोटी मागेच हलवला तर सगळा सूर उतरा ऐकू येतो, आणि बँडमधला कुणीतरी स्टील लावून घ्या म्हणतो.

तिसरी तार तुटते. नेहमी तीच. ११ ची बारीक तार, आधीच सर्वात ताणलेली, आणि दुसरं पेडल तिला अजून अर्धा सूर ओढतं. प्रत्येक वेळी ती चेंजरच्या त्याच बिंदूवर वाकते. रॉकमध्ये हात जड पडतो म्हणून आणखी लवकर. चेंजरच्या माथ्यावर तारेने खाच पाडली असेल तर ती घासून गुळगुळीत करावी, तेलाचा एक थेंब पुरतो, आणि पेटीत तिसरीच्या चार-पाच सुट्या तारा असाव्यात. पेडल सोडल्यावर सूर मूळ जागी परत येत नसेल तर बहुतेकदा सळईच्या टोकाचं, फिरवून सूर लावायचं नायलॉनचं बोंडुक जास्त पिळलेलं असतं. सळई सैल असायच्या ऐवजी चेंजरला कायम थोडी ओढत राहते. त्याला जरा मोकळं करून, खुली तार खुंटीवर लावून, मग पेडल दाबून बोंडुकावर वरचा सूर लावावा. हा क्रम उलटा केला की अर्धा तास वाया. दोन पेडलं एकदम दाबली की वाद्याचं अंगच किंचित वाकतं आणि न ओढलेल्या तारा काही सेंट उतरतात, हे मात्र वाद्यासोबतच येतं. सा थोडा चढा लावून ते दोन्हीकडे वाटून घेतात.

एक जागा राहिली, जिथे ते ठोके मुद्दाम मागवायचे असतात. बार तिसऱ्या फ्रेटवर. अंगठ्याने चौथी तार, मधल्या बोटाने पहिली, दोन्ही एकदम. पहिली ए वर, ४४० हर्ट्झ, स्थिर. चौथी जी वर, पूर्ण एक सूर खाली. ड्राइव्ह चालू, तळवा बाकीच्या तारांवर. आता तिसरं पेडल सावकाश दाबायला लागायचं. सुरुवातीला दोन सुरांचं नुसतं भांडण ऐकू येतं, कडवट, किरकिरं. मग त्या किरकिरीचे दाणे सुटे होतात, सेकंदाला वीस, दहा, पाच. पेडल पूर्ण दाबलं तर दोन तारा एक होतील आणि आवाज सपाट होईल. पाय तिथे न्यायचा नाही. टाच जमिनीवर, चवडा पेडलवर, ४३८ च्या आसपास थांबायचं, जिथे सेकंदाला दोनच ठोके पडतात, ड्रमच्या तालाच्या जरा मागे, आणि गाण्याची पुढची ओळ येईपर्यंत पाय तसाच धरून ठेवायचा.